कारणाचा रकाना : एका गोधडीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आईचं कपाट आवरताना १९९४चा एक फोटो सापडला. निळा पंजाबी ड्रेस, दोन्ही खांद्यांवर पिना लावून पसरलेली ओढणी, आणि चेहरा असा की फोटो काढणाऱ्याला 'आटप लवकर' म्हणतेय. मला हा ड्रेस आठवतच नाही. "आठवेल कसा, एकदाच घातला," आई म्हणाली. ड्रेस कुठे गेला विचारलं तर म्हणाली, "गेला."

त्यावरून गोधडी सुचली. तीस चौकोन, आडवे पाच, उभे सहा. प्रत्येक चौकोन एका आईचा, आणि कापड अशा कपड्यातलं जो तिने घातल्यावर घरात नाहीतर दारात कुणीतरी नाक मुरडलं होतं. गोष्ट केसांची असेल तर साध्या कापडावर काळ्या दोऱ्याने तिचे केस काढायचे. तयार चौकोन नऊ इंची, म्हणजे शिलाईसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच धरून दहा इंची तुकडा हवा. गोधडी ४५ बाय ५४ इंच होईल. पाडव्याला गॅलरीत टांगायची.

वहीत रकाने आखले. चौकोनाचा नंबर, कपडा, साल, कोण काय म्हणालं, कारण. शेवटचा रकाना बघून आई म्हणाली, "कारण कशाला विचारतेस? बाईला विचारलं की ती देतेच." तेव्हा मी फार लक्ष दिलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

आतल्या थरासाठी आजीची दोन सुती लुगडी मिळाली. इतक्या वेळा धुतलीत की हातात घेतल्यावर कापड आहे की साय असं वाटतं. खालच्या बाजूला जुनी चादर.

वरचं कापड मात्र कुणी देईना. फोनवर सगळ्या उत्साहाने "हो, देते की" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी "अगं, कापायला जीव होत नाही". ज्या कपड्याने घरात आठवडाभर अबोला झाला, तो वीस-पंचवीस वर्षं कपाटात तळाशी जपून ठेवलाय. नियम बदलला. अख्खा कपडा नको. शिंप्याकडे उरलेली कातरण, ओढणीचं टोक, काहीही चालेल. तुकडा लहान असला तर पांढऱ्या मांजरपाटावर जोडून घेईन.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आज सगळ्या काळ्या साड्यांत. एरवी कुणी सणाला काळं नेसली तर सासूच काय, शेजारीणही टोकते. आज मात्र काळंच हवं, आणि कारणही पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. थंडीचे दिवस, काळा रंग ऊब धरतो. वर्षातून एक दिवस आवडीला सरकारी सुट्टी मिळावी तसं. वहीत नंबर न देता टिपून ठेवलं.

१९ जानेवारी, रविवार

पलीकडच्या विंगमधल्या काकूंकडे हळदीकुंकू. वाण म्हणून सेफ्टी पिनांची पाकिटं मिळाली, ती कामाला येतील. तिळगुळाबरोबर वही फिरवली. सहा नोंदी झाल्या आणि सहाही जणींनी कारण सांगितलं 'सोय'. ड्रेस का? लोकलमध्ये चढताना साडी पायात येते. बॉबकट का? मूल लहान होतं, वेणी घालायला वेळ कुठे. जीन्स का? स्कूटी. स्लीव्हलेस का? घामोळं. मॅक्सी का? उन्हाळा. पोनीटेल का? मान दुखते, डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर सगळ्यांच्या मदतीला धावून येतात असं दिसतं.

यजमानीण काकूंचे यजमान २०१९मध्ये गेले. त्या कपाळावर रुपयाएवढी लाल टिकली लावतात आणि दरवर्षी स्वतः हळदीकुंकू करतात. आधी दोन वर्षं निम्म्या बायका आल्या नव्हत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी उतरवायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी तसंच करावं असं सांगितलं. काकूंनी त्या बातमीचं कात्रण फ्रिजवर चिकटवलंय. पण कारण विचारलं तर म्हणतात, "टिकली नसली की माझं कपाळ दुखतं." चौकोन क्रमांक ४, लाल खणाच्या ब्लाउजची कातरण.

२ फेब्रुवारी, रविवार

चौकोन क्रमांक ९. आजी ८८ वर्षांच्या, लग्न १९५६चं, सासर राजापूरकडे. मुंबईला भावाकडे गेल्या त्या गोल पातळ नेसून परत आल्या. गोल म्हणजे पाचवारी, कासोटा नसलेलं. सासूबाईंनी देवघराच्या उंबऱ्याशी अडवलं. कासोट्याशिवाय सोवळं नाही, नैवेद्याला हात लावायचा नाही. "पुढची चार वर्षं नैवेद्याचं ताट धाकट्या जावेने वाढलं. मला तेवढाच आराम." हे सांगताना आजी दात नसलेल्या हिरड्या दाखवून हसल्या.

गंमत बघा. त्याच आजींनी १९९०च्या सुमाराला स्वतःच्या सुनेला पंजाबी ड्रेसवरून बोलून घेतलं होतं. साडी नेसावी सुनेने, आपली पद्धत आहे. जी साडी त्यांच्या अंगावर चवचालपणा होती, ती चौतीस वर्षांत पद्धत झाली. मी हे तोंडावर बोलून दाखवलं. आजी म्हणाल्या, "मग? मी एवढं ऐकून घेतलं ते काय फुकट जाऊ द्यायचं?"

घरी येऊन आनंदीबाई जोशींचा तो प्रसिद्ध फोटो पुन्हा पाहिला. १८८५ सालचा, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला, शेजारी जपानची आणि सिरियाची विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. आनंदीबाई अमेरिकेत नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी नेसायला लागल्या, कारण नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात आणि तिथली थंडी सोसवत नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं, त्यामुळे आई म्हणून कुणी त्यांची आठवण काढत नाही. मी काढते. त्यांचं कारण अगदी खरं होतं. पण पुण्यातल्या टीकाकारांपुढे थंडी हे कारण किती उपयोगी पडलं असेल, तेही मनात आलंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद लांबणार.

चौकोन क्रमांक १३. ताई ५२ वर्षांच्या, मुलगी इंजिनिअर, मुलगा बारावीला. बॉयकट, मागून मशीन मारलेली, कानात मोठ्या ऑक्सिडाइजच्या रिंगा. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे की त्यांना कॅन्सर झाला होता आणि केमोमध्ये केस गेले. त्यामुळे त्यांच्या केसांवर कुणी काही बोलत नाही. उलट बायका हळव्या होतात, "येतील हो पुन्हा" म्हणतात.

चहा झाल्यावर ताईंनी दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "केमो संपून पाच वर्षं झाली. केस केव्हाच आले असते खांद्यापर्यंत. मी दर सहा आठवड्यांनी कापून येते."

कुठे? इथे नाही, ठाण्याला. इथल्या पार्लरमध्ये गेलं तर बातमी होईल.

केस गेले तेव्हा त्या खूप रडल्या, हे त्यांनी लपवलं नाही. उशीवर पुंजके यायचे. मुलीने शेवटी बाथरूममध्ये बसवून सगळे उतरवले. पण बोटभर केस परत आले तेव्हा आरशात जी बाई दिसली ती त्यांना आवडली. "लहानपणापासून माझा चेहरा केसांच्या मागे होता गं. कपाळ एवढं मोठं आहे हे मलाच माहीत नव्हतं." नवऱ्याला वाटतं की केस वाढत नाहीत. तो आवळ्याचं तेल आणून देतो. तेल त्या पायांना चोळतात.

मी विचारलं, सांगून का टाकत नाही? त्या म्हणाल्या, "आजार बरा झाला, पण कारण अजून चालू आहे ना. कशाला बंद करू?"

मग त्यांच्या पणजीचा विषय निघाला. पणजी आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, नेसायची, डोक्यावर पदर, आत वस्तरा फिरवलेला. दर पंधरवड्याला मागच्या दाराने न्हावी यायचा. मी त्यांना १८९०ची गोष्ट सांगितली. मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं त्यांनी ठरवलं. ताईंना हे माहीत नव्हतं. जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ठाण्याचा तो पोरगा शंभर रुपये जास्त घेतो माझ्याकडून. लेडीज कट म्हणून. जेंट्सला तोच कट स्वस्तात."

कारणाच्या रकान्यात काय लिहू? त्यांनीच सांगितलं, "आजारपण लिही. आणि पुढे फुल्या मार." तसंच लिहिलंय. ही नोंद वाचून कुणी त्यांना ओळखू नये म्हणून इथे दोन-तीन तपशील बदललेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टी-शर्टचं होजिअरी कापड ताणलं जातं, चौकोन वाकडा होतो. मागून फ्युजिंग इस्त्री करून लावल्यावर जमलं. लाल खणाचा रंग जातो. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवला, तरी पांढऱ्या फडक्यावर गुलाबी डाग आलाच. त्याच्या शेजारी गडद कापड लावावं लागेल. सतरा चौकोन जमले.

२३ फेब्रुवारी, रविवार

निळ्या ड्रेसचा तपास लागला. मी दूध तापवत होते. आई म्हणाली, "तेच."

काय तेच?

"ते पातेलं. बोहारीण आली होती. ड्रेसवर ते पातेलं मिळालं. वर दोन तुझ्या बाबांच्या पँटी द्याव्या लागल्या."

१९९४पासून आमच्या घरात दूध त्या ड्रेसमध्ये तापतंय.

झालं ते असं. ऑफिसमधल्या दोघी ड्रेस घालून यायला लागल्या होत्या. आईने दादरला कापड घेतलं, शिवून घेतलं, एक दिवस घालून गेली. ८.१४ची गाडी. चढताना पहिल्यांदाच एका हाताने निऱ्या धराव्या लागल्या नाहीत, हे तिला अजून आठवतंय. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "काय, पिकनिक का?" ते तिने हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर आजी काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आमच्याकडे आता दोन मुली झाल्या हो. एक पाच वर्षांची, एक पस्तीस वर्षांची."

पाच वर्षांची मी. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या म्हणे.

"मग सोडून का दिलास? सोय होती ना?"

"सोय होती म्हणूनच सोडता आला," आई म्हणाली. "सोयीशिवाय काय, माणूस राहतो. आवडला होता असं बोलले असते तर सोडणं अवघड झालं असतं."

मी गॅस बंद करायला विसरले. दूध उतू गेलं.

२ मार्च, रविवार

चौकोन क्रमांक २१ने माझी घडी विस्कटली. धुणी-भांडी करणाऱ्या मावशी मूळच्या जालन्याकडच्या, तिथे कापूस वेचायला जायच्या. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट. ऊन लागत नाही, हात खरचटत नाहीत. बांधकामावर, ऊसतोडीला, शेतात हजारो बाया असा शर्ट घालतात आणि कुणी त्याला वेगळा पेहराव म्हणत नाही. इथे सोय म्हणजे सोयच. मी महिनाभर या शब्दामागे काहीतरी दडलेलं शोधत होते, त्या सरळ म्हणाल्या, "दडायचं काय त्यात?" आणि मग, "ताई, हाच शर्ट तुमी जीन्सवर घातला की फ्याशन. मी साडीवर घातला की मजूर. शर्ट येकच हाय."

त्यांना मी बारामतीच्या लता भगवान करे यांच्याबद्दल सांगितलं. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून २०१४मध्ये साठी ओलांडलेल्या करे नऊवारी नेसून, अनवाणी बारामतीच्या मॅरेथॉनमधली ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत धावल्या आणि जिंकल्या. मावशींना कौतुक वाटलं, आश्चर्य नाही. "लुगड्यात पळता येतंच की. कासोटा आसतो."

दुपारी गाऊनचे दोन चौकोन आले. गाऊन हा आयांचा सगळ्यात बदनाम कपडा. दूधवाला आला की वरून ओढणी, कचरा टाकायला जाताना टॉवेल. २०१४मध्येच नवी मुंबईच्या गोठिवली गावात दिवसा गाऊन घालून बाहेर फिरल्यास ५०० रुपये दंड असा फलक लागला होता, आणि तो लावणाऱ्याही बायकाच होत्या. मी आतापर्यंत विचारलेल्या बहुतेक जणींना टोकणारी पहिली व्यक्ती बाईच आहे. ही नोंद करताना बरं वाटत नाही, पण वहीत तसंच आहे.

एका गाऊनला खिसा आहे, शिंप्याकडून वेगळा लावून घेतलेला. तो उसवायचा नाही असं ठरवलं. खिशासकट जोडणार.

८ मार्च, शनिवार

सोसायटीच्या ग्रुपवर संदेश : महिला दिनानिमित्त सर्व भगिनींनी पारंपरिक वेशात यावे. आई मोबाइल उलटा ठेवून कणीक मळायला गेली.

१६ मार्च, रविवार

क्रमांक २५. जांभळ्या बटा असलेली, ३९ वर्षांची, बँकेत नोकरी. तिला सासूने काही म्हटलं नाही. उलट सासू म्हणाली, "मलाही एक कर." आक्षेप आठवीतल्या मुलाचा. पालकसभेला येताना केस बांधून ये, आणि शक्यतो मागच्या गेटने ये.

"आईसारखी दिसत नाहीस असं म्हणाला." हे सांगताना ती हसत होती, पण तीनदा सांगितलं.

मीही बारा-तेरा वर्षांची असताना आईला म्हटलं होतं, स्नेहसंमेलनाला गाऊनवर ओढणी घेऊन खाली सोडायला येऊ नकोस. आज विचारलं, आठवतं का? आई म्हणाली, "कुठलं?" आठवत असावं.

३० मार्च, रविवार, पाडवा

गोधडी अपुरी. तीसपैकी अठ्ठावीस चौकोन, वरचा थर जोडून झालाय, बाकी सगळं राहिलंय. गॅलरीत फक्त गुढी.

सकाळी फडके रोडवर गेलो. नववर्ष स्वागतयात्रेची सुरुवात आपल्या डोंबिवलीतून, १९९९ला झाली, हे इथला प्रत्येकजण बाहेरगावच्या पाहुण्याला दहा मिनिटांत सांगतो. मीही सांगते. बुलेटवर नऊवारी, फेटा, गॉगल, नथ. निम्म्या साड्या शिवलेल्या, पायजम्यासारख्या चढवायच्या. आजींना (क्रमांक ९) खुर्ची टाकून बसवलं होतं. त्यांनी एक कासोटा बारकाईने पाहिला आणि त्या मुलीला थांबवून विचारलं, "चेन कुठे आहे याची?" मुलीने कमरेपाशी दाखवली. आजींनी ती ओढून पाहिली. "बरी आहे," म्हणाल्या. "मला मिळेल का?"

१३ एप्रिल, रविवार

जीन्सचा चौकोन आणि खणाची शिवण एकत्र आली तिथे दोन सुया मोडल्या. सोळा नंबरची सुई घातल्यावर मशीन पुढे गेली. आता तिन्ही थर अंथरून कच्चे टाके घातलेत आणि हाताने धावदोरा चालू आहे, कडेपासून आत, चौकोनी फेऱ्यांनी. आईचे टाके गव्हाएवढे, एकसारखे. माझे कधी तांदूळ, कधी शेंगदाणा.

एकोणतिसावी नोंद प्लॅस्टिकच्या पिशवीत आली. १९७८मध्ये कापलेला शेपटा, लाल रिबिनीसकट. मुलीच्या जन्मानंतर तिसऱ्या महिन्यात या बाईंनी स्वतःच शिवणाच्या कात्रीने कापला आणि केसांवर भांडी देणारीला न देता ठेवून दिला. शेपटा परत केला, रिबीन घेतली. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "कात्री हातात होती."

११ मे, रविवार

झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये दोरीवर टांगली, शेजारी टेबलावर वही. मदर्स डेचा मुहूर्त मी मुद्दाम धरलेला नाही, हॉल आजच मोकळा होता.

तिसावा चौकोन काल रात्रीपर्यंत रिकामा होता. आईला म्हटलं, पातेल्याचं कापड निघत नाही, काय लावू? तिने उत्तर दिलं नाही. सकाळी पाहिलं तर निळा तुकडा जोडलेला. नवीनच कापड, कुठून आणलं ते सांगत नाही. वहीत सालाच्या रकान्यात तिने स्वतः २०२५ लिहिलंय. 'कोण काय म्हणालं' कोरा. कारणही कोरं.

लोक वाचण्यापेक्षा हात लावून बघतात. बॉयकटवाल्या ताई नवऱ्याला घेऊन आल्या. तो तेरा नंबरपुढे बराच वेळ उभा होता, मग वहीतल्या फुल्यांवर बोट ठेवून त्याने ताईंकडे पाहिलं. माझ्या पोटात गोळा आला. ताई गोधडीची किनार बघत राहिल्या. जाताना तो मला म्हणाला, "ठाण्याला कुठल्या पार्लरमध्ये, हे लिहिलं नाही?"

१८ मे, रविवार

गोधडी उतरवली, धुवायला काढली. गाऊनच्या खिशात निघालेल्या वस्तू : दोन सेफ्टी पिना, पाच रुपयांचं नाणं, कुर्ला–डोंबिवली तिकीट, केसांचं रबर, 'मेथी, साबण, रिफिल' अशी चिठ्ठी आणि टोपण नसलेलं एक बॉलपेन. पेनाची शाई खालपर्यंत उतरलीय. डागावर लिंबू चोळून ठेवलंय. गेला नाही तर वरून निळं ठिगळ लावायचं, कापड उरलंय म्हणाली आई. किती उरलंय विचारलं तर म्हणाली, "अडीच मीटर. शिंप्याकडे टाकलंय."